आधी वाटा, मग सौदा

पूर्व लंडनच्या आयल ऑफ डॉग्ज भागात वेस्टफेरी प्रिंटवर्क्स हा जुना छापखाना होता. त्या जागेवर १,५२४ घरांचा प्रकल्प प्रस्तावित होता. टॉवर हॅम्लेट्स कौन्सिलचा त्याला विरोध होता आणि सरकारने नेमलेल्या निरीक्षकानेही परवानगी नाकारावी अशी शिफारस केली होती. तरीही १४ जानेवारी २०२० रोजी तेव्हाचे गृहनिर्माणमंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी परवानगी देऊन टाकली. इतकी घाई का, हे कौन्सिलच्या दरपत्रकाकडे पाहिले की कळते. त्याच आठवड्यात पायाभूत सुविधा शुल्काचे नवे दर लागू होणार होते. ते लागू झाल्यावर परवानगी मिळाली असती तर विकसकाला कोट्यवधी पौंड जास्त भरावे लागले असते. कौन्सिल न्यायालयात गेले. निर्णयातून पक्षपात दिसतो हे मंत्र्यांना मान्य करावे लागले. मे महिन्यात परवानगी रद्द झाली आणि फेरसुनावणीनंतर २०२१ मध्ये प्रकल्प नाकारला गेला.

ब्रिटनमध्ये या प्रकरणाचा गाजावाजा झाला तो मंत्री आणि विकसक पक्षनिधीच्या भोजनाला एकाच टेबलावर बसले होते म्हणून. मला त्यातली दुसरी बाजू अधिक बोलकी वाटते. एका कौन्सिलने नागरिकांसमोर रीतसर ठरवलेला आणि छापलेला एक आकडा इतका पक्का होता की तो चुकवायला तारखेची शर्यत लावावी लागली. याच प्रकल्पात परवडणाऱ्या घरांचे प्रमाण मात्र २१ टक्के होते, आणि लंडनच्या धोरणातला टप्पा ३५ टक्क्यांचा होता. ही तफावत खपवायला कोणाला धावपळ करावी लागली नाही, कारण ते प्रमाण वाटाघाटीने ठरत होते. विकसकाने शहराला काय द्यावे, या प्रश्नाचा सगळा इतिहास या दोन आकड्यांच्या फरकात आहे. माझे म्हणणे असे की हा वाटा जमिनीचा सौदा होण्याआधी, उघडपणे आणि आकड्यात ठरलेला असेल तरच तो हाती पडतो. सौदा झाल्यावर मागितलेला वाटा म्हणजे विनवणी असते.

इंग्लंडमधली बरीच कौन्सिले विकसकाने काय द्यावे हे सांगणारी एक मार्गदर्शक पुस्तिका काढतात. वाचायला ती रुक्ष असते, पण शहर कसे वाढेल ते तिच्यावर बरेच अवलंबून असते. दहा किंवा त्याहून अधिक घरांच्या प्रकल्पात किती टक्के घरे परवडणारी हवीत, त्यांपैकी किती सामाजिक भाड्याची आणि किती अंशतः मालकीची, हे तिच्यात लिहिलेले असते. नव्या घरांमधून शाळेत किती मुले येतील आणि एका मुलाची शाळेतली जागा तयार करायला किती खर्च येतो, याचे गणित असते. दवाखाना, मैदान, बसथांबा, चौकातले सिग्नल यांचेही तसेच असते. पैसे केव्हा भरायचे तेही ठरलेले असते: काही बांधकाम सुरू होताना, काही अमुकव्या घरात माणसे राहायला येण्याआधी. भाववाढीनुसार रक्कम वाढते, आणि ठरलेल्या मुदतीत कौन्सिलने ती खर्च केली नाही तर सहसा विकसकाला परत द्यावी लागते. आपल्याकडे महापालिकेच्या तिजोरीत शिरलेला पैसा कोणत्या गल्लीत जिरला याचा पत्ता लागत नाही. तिथे किमान कागदावर तरी प्रत्येक पौंडाला ठिकाण असते.

या पुस्तिकांच्या मागे दोन कायदेशीर वाटा आहेत. पहिली १९९० च्या नगररचना कायद्यातले कलम १०६. त्याखाली कौन्सिल आणि जमीनमालक यांच्यात त्या प्रकल्पापुरता करार होतो आणि तो जमिनीला चिकटतो, मालक बदलला तरी सुटत नाही. दुसरी २००८ च्या कायद्याने आलेले आणि २०१० पासून लागू झालेले पायाभूत सुविधा शुल्क, म्हणजेच सीआयएल. हे चौरस मीटरला ठराविक दराने लागते आणि त्यात घासाघीस चालत नाही. वेस्टफेरीत चुकवायचा होता तो आकडा हाच. सीआयएल रस्ते, शाळा, रेल्वे यांसाठी असते. परवडणारी घरे मुख्यतः कलम १०६ मधूनच येतात. २०१८-१९ या एका वर्षात इंग्लंडमध्ये विकसकांनी सुमारे ७ अब्ज पौंडांची देणी मान्य केली आणि त्यांतला दोन तृतीयांश हिस्सा परवडणाऱ्या घरांचा होता. म्हणजे सगळ्यांत मोठी रक्कम सगळ्यांत लवचीक वाटेने येते.

ही लवचिकता अपघाताने आलेली नाही. १९४७ मध्ये ॲटली सरकारने जमीन विकसित करण्याचा हक्कच राष्ट्राच्या मालकीचा केला. परवानगीमुळे जमिनीची जी किंमत वाढेल ती शंभर टक्के सरकारजमा, असे शुल्क ठरवले. कॉन्झर्वेटिव्ह सरकारने १९५३ मध्ये ते काढून टाकले. मजूर पक्षाने १९६७ मध्ये ४० टक्क्यांची लेव्ही आणली, ती पुढच्या सरकारने मोडीत काढली. १९७६ मध्ये ८० टक्क्यांचा विकास-भूमी कर आला, तो थॅचर सरकारने १९८५ मध्ये संपवला. तीन वेळा उघड कर आला आणि तीनही वेळा सत्ताबदलाने तो गिळला. मधल्या काळात जमीनमालकांनी शहाणपणाचा मार्ग धरला: जमीन दाबून ठेवायची आणि पुढच्या निवडणुकीची वाट पाहायची.

कलम १०६ टिकले, कारण त्याला कोणी कर म्हटले नाही. तो स्थानिक करार होता. त्यातून गावात काय येणार ते लोकांना दिसत होते, आणि विकसकाला बोलायला जागा होती. ज्या मऊपणामुळे ही व्यवस्था टिकली त्याच मऊपणाने तिला आतून पोखरले, ही गोष्ट समजून घ्यायला हवी. उद्या पुन्हा कोणी एका फटक्यात शंभर टक्के वसुलीची घोषणा केली तर तिचेही १९४७ सारखेच होईल. म्हणून उपाय त्या दिशेला नाही. स्थानिक करार राहू द्यावा, पण त्यातला आकडा करारापूर्वीच घट्ट असावा.

इथे एक आक्षेप जुना आणि वजनदार आहे. विकसक पैसे देतो म्हणून परवानगी मिळत असेल तर ती परवानगीची विक्रीच झाली. ऑक्सफर्डशरमधल्या विटनी गावात टेस्को कंपनीने सुपरमार्केटच्या बदल्यात गावातल्या एका जोडरस्त्याचा सगळा, म्हणजे ६६ लाख पौंडांचा खर्च उचलायची तयारी दाखवली. त्या रस्त्याचा सुपरमार्केटशी संबंध थोडाच होता. मंत्र्यांनी त्या देकाराला फारसे वजन दिले नाही आणि परवानगी दुसऱ्या जागेला दिली. १९९५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने मंत्र्यांचा निर्णय कायम केला. असा देकार विचारात घेता येतो, पण त्याला किती महत्त्व द्यायचे हे निर्णय घेणाऱ्याने ठरवायचे, असा त्याचा अर्थ. पुढे सीआयएलच्या नियमांत तीन कसोट्या आल्या: देणे प्रकल्प मान्य होण्यासाठी आवश्यक असावे, त्याचा प्रकल्पाशी थेट संबंध असावा आणि ते प्रकल्पाच्या आकाराला साजेसे असावे. हा आक्षेप मला मान्य आहे. पण तो वाटाघाटीविरुद्ध जातो, छापील दराविरुद्ध जात नाही. सगळ्यांना सारखा लागू असलेला आणि आधीच जाहीर झालेला दर कोणी परवानगी विकत घेण्यासाठी वापरू शकत नाही. लाच आणि शुल्क यांत एवढाच फरक असतो.

दुसरा आक्षेप रोज ऐकू येतो: विकसकावर बोजा टाकला की घरे महागतात. यात पैसे शेवटी कोणाच्या खिशातून जातात हे पाहायला हवे. समजा एका जागेवर शंभर घरे बांधायची आहेत आणि ती विकून १० कोटी पौंड येतील. बांधकाम, व्याज, शुल्के मिळून ६ कोटी. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शनात विक्रीच्या १५ ते २० टक्के नफा रास्त मानला जातो. २० टक्के धरला तर २ कोटी. उरले २ कोटी. इतकीच रक्कम विकसक जमिनीला देऊ शकतो. आता कौन्सिलचे १ कोटीचे देणे सौद्याआधीच पक्के असेल, तर शहाणा विकसक जमिनीला १ कोटीच देईल. घराची विक्रीकिंमत बाजार ठरवतो, आजूबाजूच्या हजारो जुन्या घरांच्या भावांवरून ठरवतो. विकसकाला ती मनाला येईल तशी वाढवता येत नाही. म्हणजे देणे कापले जाते ते जमिनीच्या भावातून.

तो भाव मालकाच्या घामातून आलेला नसतो. २०१५ च्या सरकारी अंदाजानुसार इंग्लंडमध्ये शेतजमीन हेक्टरी सुमारे २० हजार पौंडांची होती. घरांची परवानगी असलेली जमीन लंडनबाहेरसुद्धा सरासरी २० लाखांच्या आसपास होती. शंभरपट उडी घेणारी ही किंमत कौन्सिलच्या एका ठरावातून, लोकांच्या करांतून झालेल्या रस्त्यांतून आणि शाळांतून येते. त्या उडीतला मोठा भाग गावाने घेतला तरी शेतकऱ्याच्या हाती शेतीच्या उत्पन्नाच्या कित्येक पट रक्कम उरतेच.

पण वरच्या उदाहरणातल्या विकसकाने १ कोटीचे देणे टाळता येईल या आशेवर जमिनीला २ कोटी मोजले असतील तर? मग तो कौन्सिलसमोर व्यवहार्यता अहवाल ठेवतो. जमीन इतक्याला पडली, बांधकाम इतके, नफा इतका. परवडणाऱ्या घरांना जागाच उरत नाही. हिशेब चुकीचा नसतो. त्यात आधीच उधळलेली रक्कम खर्च म्हणून लिहिलेली असते एवढेच. पुढच्या जागेचा सौदा करताना हीच २ कोटींची किंमत बाजारभावाचा पुरावा म्हणून पुढे येते. शहराचा वाटा अशा रीतीने एकदा बुडाला की पुढच्या प्रत्येक सौद्यात बुडत जातो. २०१२ च्या राष्ट्रीय नियोजन धोरणाने जमीनमालक आणि विकसक दोघांनाही स्पर्धात्मक परतावा मिळायला हवा अशी भाषा घातली आणि या युक्तिवादाला राजमान्यता दिली.

दक्षिण लंडनमधल्या एलिफंट अँड कॅसल भागातल्या हेगेट वसाहतीचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. कौन्सिलची हजारावर घरे पाडून तिथे अडीच हजारांच्या आसपास नवी घरे बांधायची योजना आली. त्यांत सामाजिक भाड्याची घरे सुमारे ऐंशी. बाकीच्या परवडणाऱ्या घरांचे भाडे किंवा किंमत जुन्या रहिवाशांच्या आवाक्यातली नव्हती. २०११ पासून बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंतचे भाडेही परवडणाऱ्या घरांत मोजले जाऊ लागले होते. हे सगळे ज्या व्यवहार्यता अहवालावर बेतलेले होते तो व्यापारी गुपित म्हणून बंद ठेवला होता. माहिती अधिकाराची लढाई न्यायाधिकरणापर्यंत गेली, तेव्हा २०१४ मध्ये त्यातला बराच भाग खुला करण्याचा आदेश निघाला. तोवर बहुतेक घरे जमीनदोस्त झाली होती आणि माणसे लंडनच्या कडेला फेकली गेली होती.

इज्लिंग्टन कौन्सिलने यातून धडा घेतला. २०१६ मध्ये त्याने स्वतःच्या मार्गदर्शक पुस्तिकेत लिहून टाकले की व्यवहार्यता अहवाल उघड राहतील. त्याच कौन्सिलच्या हद्दीत पार्कहर्स्ट रोडवरची लष्कराची जुनी जागा एका विकसकाने २०१३ मध्ये १ कोटी ३२ लाख ५० हजार पौंडांना घेतली होती. एवढ्या किमतीनंतर परवडणारी घरे दहा टक्क्यांपलीकडे शक्य नाहीत, असा त्याचा दावा. कौन्सिल म्हणाले, धोरण माहीत असून जास्त भाव मोजला असेल तर तो धोका तुमचा. २०१८ मध्ये उच्च न्यायालयात न्यायमूर्ती होलगेट यांनी कौन्सिलच्या बाजूचा निर्णय कायम ठेवला आणि जमिनीच्या मूल्यांकनातला हा गोलगोल तर्क मोडायला नवे व्यावसायिक मार्गदर्शन हवे असे सुचवले. त्याच वर्षी राष्ट्रीय मार्गदर्शन बदलले. अहवाल सार्वजनिक झाले; जमिनीची पायाभूत किंमत सध्याच्या वापराची किंमत अधिक रास्त जादा रक्कम इतकीच धरायची, आणि जमिनीला प्रत्यक्षात मोजलेला भाव धोरण न पाळण्याचे कारण होऊ शकत नाही, हे स्पष्ट झाले.

आकडा आधी ठरला की काय होते याचीही उदाहरणे आहेत. मिल्टन कीन्सच्या विस्तारात २००७ मध्ये प्रत्येक घरामागे १८,५०० पौंडांचा सरसकट दर ठरला. जमीन घेणाऱ्याला तो माहीत होता, त्यामुळे तो जमिनीच्या भावात मुरला. लंडनमध्ये महापौर सादिक खान यांनी २०१७ मध्ये नियम केला: खासगी जमिनीवर ३५ टक्के परवडणारी घरे देणाऱ्याकडे व्यवहार्यता अहवाल मागायचा नाही, जो कमी देईल त्याची वही उघडून तपासायची. म्हणजे तोंडी घासाघिशीच्या जागी एक रांग आली, आणि नियमाने वागणारा तिच्यात पुढे राहिला.

एवढे म्हणून थांबलो तर अर्धेच सांगितले असे होईल, कारण पक्क्या आकड्यालाही मर्यादा आहे. ही सगळी व्यवस्था घरांच्या चढत्या भावांवर उभी आहे. इंग्लंडमध्ये अलीकडच्या वर्षांत जवळपास निम्मी नवी परवडणारी घरे कलम १०६ मधून आली आहेत. याचा अर्थ गरिबाचे घर श्रीमंताच्या घराच्या नफ्याला बांधलेले आहे. व्याजदर आणि बांधकामखर्च वाढले, भाव थबकले की जमिनीतला उरलेला भाग आटतो आणि मागणीचा आकडा कितीही पक्का असला तरी बांधकामच थांबते. २०२४ च्या अखेरीस बांधकाम उद्योगाच्या संघटनेने सांगितले की कलम १०६ ची किमान १७,००० घरे अडली आहेत, कारण ती विकत घ्यायला गृहनिर्माण संस्थांकडे पैसा नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनने तात्पुरता का होईना, ३५ टक्क्यांचा टप्पा २० वर आणण्याचा निर्णय जाहीर केला. विकसकाचा वाटा हा सार्वजनिक घरबांधणीला जोड म्हणून चांगला आहे. सरकारने स्वतः बांधायचे थांबवून सगळा भार त्याच्यावर टाकला, की शहराला आपल्याच नागरिकांची घरे महाग होण्याची वाट पाहावी लागते. पैसे मंदीत कमी येतात आणि गरज मंदीत वाढते. ही उलटी चाल कोणत्याही पुस्तिकेने सुटणार नाही. तिच्यासाठी अंदाजपत्रकातूनच तरतूद लागते.

महाराष्ट्राला ही चर्चा परकी नाही. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यातच वाढलेल्या जमीनकिमतीतला जास्तीत जास्त निम्मा वाटा मालकाकडून घेण्याची सोय होती, म्हणजे ॲटलींच्या कायद्याच्या ३२ वर्षे आधी. पुढे तो धागा १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातही आला. आकडा पक्का असूनही तो कसा पळवता येतो, हे मुंबईने गिरण्यांच्या जमिनीत पाहिले. १९९१ च्या नियमात हिशेब सोपा होता: ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेली जमीन मालकाला. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि हे प्रमाण फक्त मोकळ्या जमिनीला लागू झाले. गिरणीच्या इमारती पाडून मोकळी होणारी जमीन वाटणीतून बाहेर पडली. प्रमाण तेच राहिले, ज्याचे प्रमाण काढायचे ती जमीनच आटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली. सुमारे सहाशे एकर जमिनीच्या त्या पट्ट्यात मॉल आणि मनोरे उभे राहिले, मैदाने आणि कामगारांची घरे यांच्या वाट्याला अपेक्षेच्या मानाने फार थोडी जमीन आली.

आता दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर २० टक्के छोटी घरे बांधून म्हाडाच्या सोडतीसाठी द्यायचा नियम २०१३ पासून आहे. पुण्यात सोडतीतल्या घरांसाठी अर्जांचा पाऊस पडतो तो त्यामुळेच. पण नाशिकमध्ये ही घरे म्हाडाकडे आलीच नाहीत, असा आरोप २०२२ मध्ये खुद्द गृहनिर्माणमंत्र्यांना करावा लागला. जानेवारी २०२१ मध्ये कोविडच्या मंदीतून उद्योगाला सावरायचे म्हणून सरकारने बांधकामावरचे प्रीमियम वर्षाअखेरपर्यंत निम्मे केले. मंदीत सवलत देणे समजू शकते. पण त्या सवलतीने महापालिकेच्या वाट्याच्या किती शाळा, किती दवाखाने, किती मलवाहिन्या पुढे ढकलल्या गेल्या याचा ताळेबंद नागरिकांच्या हाती पडला का? इंग्लंडमधली कौन्सिले आता दरवर्षी जमा-खर्चाचे निवेदन प्रसिद्ध करतात. किती मागितले, किती आले, कशावर खर्चले, किती पडून आहे. आपल्या महापालिकांना विकास शुल्काचे असे प्रभागवार निवेदन काढायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. इच्छा असेल तर ते पुढच्या अंदाजपत्रकाबरोबर मांडता येईल.

तेव्हा मागणी तीन गोष्टींची आहे. वाट्याचा आकडा विकास आराखड्यातच असावा, म्हणजे जमिनीचा भाव त्याला धरून ठरेल. कोणाला तो कमी करून हवा असेल तर त्याचा हिशेब सर्वांसमोर यावा, आणि जमिनीला जास्त भाव मोजला हे कारण त्यात चालू नये. मंदीत वाटा घटला तर तूट राज्याने भरावी, गरिबांच्या घरांनी नाही. यांतली पहिली गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत कठीणही, कारण तिने दरवर्षी हात ओले होण्याची सोय बंद होते. म्हणून आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात त्या काळात लोकांनी रस्त्याची रुंदी पाहावीच, पण कोणत्या जमिनीचा वापर बदलतो आहे, त्याने तिची किंमत किती वाढेल आणि त्यातले गावाला काय मिळणार, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. परवानगी मिळाल्यावर या प्रश्नांची उत्तरे बिल्डरच्या हिशेबनीसाकडे जातात. आराखडा मंजूर होण्याआधी ती नगरसेवकाला द्यावी लागतात.